गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आमचा राइट आउट जीव लावून खेळतोय का?

चर्चगेटचा जुना प्रेक्षक
रविवारी चर्चगेटच्या टर्फवर आमच्या क्लबची हॉकी मॅच पाहिली. आमच्या राइट आउटचं, म्हणजे उजव्या कडेने धावणाऱ्या फॉरवर्डचं, नाव लिहीत नाही, क्लबातल्यांना कळेलच. दीड वर्षापूर्वी त्याच्या डाव्या गुडघ्याचं एसीएल (गुडघा स्थिर ठेवणारा आतला लिगामेंट) फाटलं, ऑपरेशन झालं, यंदा परत आला. वय २४. पूर्वी त्याच्याकडे बॉल आला की त्याला अडवणारा समोरचा लेफ्ट हाफ आधीच दोन पावलं मागे सरायचा. परवा मात्र तीनदा बॉल साइडलाइनबाहेर जाताना नुसता बघत उभा राहिला. समोरच्यांच्या फ्री हिटवर प्रेस करायला, म्हणजे दबाव टाकायला, धावलाच नाही. बाकावर १९ वर्षांचा पोरगा ताटकळतोय. माझं स्पष्ट मत, या मोसमात याला बसवा. पूर्वपुण्याईवर किती दिवस जागा द्यायची? तेरा वर्षांचा होता तेव्हापासून त्याला बघतोय, म्हणूनच जिवाला लागतं.

लेफ्ट हाफ, त्याच्याच टीमचा
काका, तुम्ही स्टँडमधून बघता, मी त्याच्यासोबत मैदानात असतो. सरळ पळायचं असेल तर तो आजही तसाच सुटतो. डाव्या पायावर जोर देऊन वळायचं आलं की एक पाऊल जास्त टाकतो, आणि तेवढ्यात बॉल गेलेला असतो. रिव्हर्स स्टिकने, म्हणजे स्टिक उलटी करून, अडवायला खाली वाकताना तर तोंड बघा त्याचं, दात आवळलेले असतात. हा आळस नाही हो. नालासोपाऱ्याहून पहाटेची लोकल पकडून येतो, प्रॅक्टिसनंतर बर्फाची पिशवी गुडघ्याला बांधून परतीच्या गाडीत उभा राहतो. बसायला कोण देतंय?

फिजिओ, दादर
एसीएलमध्ये फाटलेला लिगामेंट सहसा शिवत नाहीत, मांडीच्या मागचा किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध काढून त्या जागी बसवतात. हा नवा तुकडा सुरुवातीचे काही महिने उलट कमजोर होतो, मग हळूहळू पक्का होतो. म्हणून नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरू नये म्हणतात. त्यातही एका पायावर उडी मारून बघतात, दुखावलेला पाय चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के तरी यायला हवा. पण या चाचण्या पास झालेला खेळाडूही मनातून घाबरलेला असू शकतो. हॉकीत तर कंबरेत वाकून, गुडघे मोडून पळायचं असतं. एक विचारते, त्याची उडीची चाचणी घेतली होती का कुणी?

लेफ्ट हाफ, त्याच्याच टीमचा
नाही ताई. आठव्या महिन्यातच उतरला. स्पोर्ट्स कोट्यातल्या नोकरीला वयाची अट असते आणि अलीकडची कामगिरी मागतात. घरी बसून कसली कामगिरी दाखवणार? फिजिओचे पैसेही त्यानेच भरले, तेही संपले.

वांद्र्याचा सेंटर हाफ
वाईट वाटतं, पण मी काकांच्या बाजूने. आठव्या महिन्यात उतरणं ही त्याची चूक, आणि उतरू देणाऱ्यांची त्याहून मोठी. गुडघा पुन्हा गेला तर नोकरीही नाही आणि खेळही नाही. लोक संदीप सिंगचं उदाहरण देतील. २००६ मध्ये शताब्दी एक्सप्रेसमध्ये चुकून गोळी लागली, व्हीलचेअरवरून उठला आणि २००९ मध्ये भारताचा कॅप्टन झाला. मानतोच त्याला. पण त्याच्याकडे ड्रॅग फ्लिकचं, म्हणजे पेनल्टी कॉर्नरवर बॉल स्टिकने ओढून गोलात फेकायचं, हत्यार होतं. राइट आउटचं सगळं भांडवल वेग. महिला संघाची राणी रामपालसारखी कॅप्टनसुद्धा टोकियो ऑलिंपिकनंतर हॅमस्ट्रिंगच्या दुखापतीमुळे २०२२ च्या वर्ल्ड कपला मुकली, २०२४ मध्ये निवृत्त झाली. जिद्द कमी होती का तिची? आपल्या मुंबईचा वीरेन रस्किन्हा अथेन्स ऑलिंपिक खेळला आणि नंतर स्टिक बाजूला ठेवून शिकायला गेला, आज ऑलिंपिकच्या खेळाडूंसाठी काम करतो. त्या पोरालाही कुणीतरी बसवून दुसऱ्या वाटा सांगा.

फिजिओ, दादर
२४ व्या वर्षी वाटा बंद कशाला करायच्या? हॉकीत बदलीला मर्यादा नाही. प्रत्येक क्वार्टरमध्ये पाच मिनिटं खेळवा, बाकीचा वेळ त्या १९ वर्षांच्या मुलाला द्या. आणि आठवड्यातून तीन दिवस एका पायाचे व्यायाम. माझ्याकडे पाठवा, पैशांचं नंतर बघू.

चर्चगेटचा जुना प्रेक्षक
आठव्या महिन्यात उतरला हे मला माहीत नव्हतं. ‘धावलाच नाही’ हे शब्द मागे घेतो. पण सध्या सामना नको, यावर मी ठाम आहे. पाच मिनिटंसुद्धा नकोत. पाच मिनिटं दिली की तो पोरगा दहा मिनिटांचा जीव काढेल, मी ओळखतो त्याला.

लेफ्ट हाफ, त्याच्याच टीमचा
मग हे त्याला तुम्हीच सांगा, काका. आमचं ऐकत नाही, तुमचं ऐकेल. बुधवारी सकाळी या, टर्फवर पाणी मारायच्या आधी. तेव्हा तो गोलपोस्टमागे एकटाच गुडघ्याला पट्टी बांधत बसलेला असतो.