प्रतिसाद: स्वस्त पार्ट ऑनलाइन घ्यावेत का?

वर एकांनी लिहिलंय की इलेक्ट्रॉनिक्सचे ऑनलाइन स्वस्त पार्ट म्हणजे पैसे पाण्यात. सरसकट तसं नाही. रेझिस्टर, एलईडी, जंपर वायर, ब्रेडबोर्ड मी सांगलीत बसून वर्षानुवर्षं मागवतोय, क्वचितच तक्रार आली. खरा घोळ बॅटरीच्या सेलमध्ये आणि पॉवरच्या आयसीत, म्हणजे वीजपुरवठा सांभाळणाऱ्या चिपमध्ये आहे.

तासगावकडच्या एका बेदाणा शेडसाठी तापमान-आर्द्रतेची नोंद ठेवणारं यंत्र जुळवलं होतं. त्यासाठी १८६५० सेल (परत चार्ज होणारे, बोटाएवढे लिथियम सेल) घेतले, वर ठसठशीत ९९०० एमएएच (सेलची साठवणक्षमता) छापलेलं. यंत्र दुसऱ्याच रात्री बंद. सेल काट्यावर ठेवला तर ३१ ग्रॅम! चांगला सेल साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो, आणि या आकारात ३५०० एमएएचच्या फार पुढे नेहमीचे सेल जातच नाहीत. म्हणजे छापलेला आकडाच खोटा. असला सेल परत पाठवा, फोडून बघायच्या फंदात अजिबात पडू नका, पेट घेतो.

एलएम२५९६ (व्होल्टेज कमी करून देणारी आयसी) च्या तयार मोड्यूलचंही तेच. ३ अँपिअर लिहिलेलं असतं, पण उष्णता बाहेर काढायला हीटसिंक नसेल तर दीड-दोन अँपिअरलाच हात लावणं मुश्कील होतं. आधी बल्बचा लोड देऊन अर्धा तास चालवा, मगच ईएसपी३२ (यंत्र चालवणारा छोटा कंट्रोलर बोर्ड) जोडा.