‘फोर्के काउदीने’ म्हणजे फाशी नव्हे

‘पास्सारे सोत्तो ले फोर्के काउदीने’ (शब्दशः ‘फोर्के काउदीने’खालून जाणं) या इटालियन वाक्प्रचारातल्या ‘फोर्के’चा अर्थ कधी कधी फाशीचा खांब असा लावला जातो. तो अर्थ इटालियनमध्ये आहे खरा, पण इथे नाही. ‘फोर्के काउदीने’ ही दक्षिण इटलीतल्या बेनेव्हेंतो शहराजवळच्या काउदिउम या प्राचीन गावाची चिंचोळी खिंड. इ.स.पू. ३२१ मध्ये साम्नाइट या तिथल्या लढाऊ जमातीने रोमन सैन्य तिथे कोंडलं. रोमन इतिहासकार लिव्हीच्या मते आधी शस्त्रं काढून घेतली, अंगावर एकच वस्त्र ठेवलं. मग दोन भाले जमिनीत रोवून वर तिसरा आडवा बांधला आणि त्याखालून सगळ्यांना वाकून जायला लावलं. कॉन्सल, म्हणजे रोमचे सर्वोच्च अधिकारी, सर्वांत पुढे! या चौकटीला लॅटिनमध्ये ‘युगुम’ म्हणत, म्हणजे बैलाचं जू. आपलं ‘जू’ही त्याच मुळाचं, संस्कृत ‘युग’वरून आलेलं. त्यामुळे हा वाक्प्रचार मरणाचा नाही, जाहीर मानखंडना सोसण्याचा आहे.