फी नंतर, आधी हे खर्च धरा
मुलीला अमेरिकेत पीए (फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांसोबत रुग्ण तपासणारा व्यावसायिक) करायचंय, तर फी सोडून किती तजवीज ठेवावी असं विचारलंयत. माझी भाची न्यू जर्सीत याच वाटेने गेली. पैशाची गळती अर्जापासूनच सुरू होते. कास्पावर, म्हणजे पीए कॉलेजांच्या सामाईक ऑनलाइन अर्जावर, प्रत्येक कॉलेजाचे वेगळे पैसे, त्यावर अनेक कॉलेजं स्वतःचा दुसरा अर्ज भरायला लावतात, आणि प्रवेश मिळाला की जागा राखायला डिपॉझिट. प्रवेशासाठी बरीच कॉलेजं मागतात त्या रुग्णसेवेच्या अनुभवाच्या तासांचं तर विचारूच नका. तिने ॲम्ब्युलन्सवर रात्रपाळ्या करून ते जमवले. तारीख, तास, सुपरवायझरचा फोन, सगळं एका निळ्या वहीत. अर्ज भरताना तीच वही कामी आली.

कॉलेज आर्क-पीएच्या (पीए कोर्सेसना मान्यता देणारी संस्था) मान्यतेचं आहे ना, ते आधी बघा, नाहीतर पान्स या परवान्यासाठी लागणाऱ्या परीक्षेलाच बसता येत नाही. कोर्स साधारण 27 महिन्यांचा, त्यात नोकरी जवळजवळ अशक्य. रोटेशन्स, म्हणजे वेगवेगळ्या हॉस्पिटल-क्लिनिकमधलं प्रशिक्षण, लांब पडली की गाडी, पेट्रोल, कधी दुसरीकडे खोलीही. आणि हो, 1 जुलै 2026 पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं सरकारी कर्ज बंद, म्हणजे ‘उरलेलं सरकारी कर्जातून भागेल’ हे आमच्या वेळचं गणित आता मोडलं. पान्सची फी 550 डॉलर, पण तोवर ती चिल्लरच वाटते.