टेरिटरी : राज्य, प्रांत की मुलूख?

पानखूण: अमेरिकेतल्या यादवीआधीच्या काळावरचा मजकूर मराठीत आणतोय. १८५४ संदर्भात 'कान्सास राज्यात गुलामगिरी असावी का' असं लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी 'राज्य' खोडून 'प्रांत' केलं. टेरिटरीला नेमका शब्द कुठला?

रेघोट्या: खोडलं ते बरंच झालं. कान्सास राज्य झालं १८६१ मध्ये. घटकराज्यात गुलामगिरी ठेवायची की नाही हे ते राज्यच ठरवी. भांडण होतं अजून राज्य न झालेल्या जमिनीवरून. तिथला गव्हर्नर राष्ट्राध्यक्ष नेमणार, विधिमंडळ रहिवासी निवडणार, आणि काँग्रेसमधल्या, म्हणजे अमेरिकी संसदेतल्या, त्यांच्या प्रतिनिधीला मत नाही. मग निर्णय कोणाचा? १८२० मध्ये लुइझियाना खरेदीच्या, म्हणजे १८०३ मध्ये फ्रान्सकडून घेतलेल्या, जमिनीपुरता तो काँग्रेसने घेतला : ३६ अंश ३० मिनिटे अक्षांशाच्या उत्तरेला, मिसुरी सोडून, बंदी. १८५४ मध्ये कान्सास-नेब्रास्का कायद्याने तो रहिवाशांवर सोपवला. १८५७ मध्ये स्वातंत्र्य मागणाऱ्या ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, काँग्रेसला बंदीचा अधिकारच नाही. 'प्रांत'मधून यातलं काहीच कळत नाही.

पागोटे: 'केंद्रशासित प्रदेश' आयता आहे की.

रेघोट्या: तो कायमचा तसाच राहू शकतो. टेरिटरी राज्य होण्याच्या वाटेवर असते.

पागोटे: गोवा १९८७ पर्यंत काय होता मग?

रेघोट्या: गोवा राज्य झाल्याने दिल्लीतला तोल ढळला नाही. तिथे प्रत्येक नव्या राज्यामागे सिनेटच्या दोन जागा. लोकसंख्येवर चालणाऱ्या खालच्या सभागृहात गुलामगिरी नसलेल्या उत्तरेची सरशी होती, त्यामुळे गुलामगिरी असलेल्या दक्षिणेची सगळी भिस्त सिनेटवर. म्हणून गुलामगिरीवाल्या मिसुरीला मुक्त मेनची जोड देऊन दोन्हीकडची राज्यं १२-१२ केली. १८५० मध्ये कॅलिफोर्निया मुक्त राज्य म्हणून जोडीशिवाय आला आणि उत्तरेची १६, दक्षिणेची १५ झाली. बदल्यात दक्षिणेने पळालेल्या गुलामांना पकडून परत देण्याचा कडक कायदा पदरात पाडून घेतला. त्याने उत्तर आणखी बिथरली.

मोडीवाला: 'मुलूख' घ्या. 'कान्सासचा मुलूख.' भारदस्त आणि आपला.

पागोटे: आपला कसला, अरबी! आणि लगेच मुलूखगिरी आठवते. ती चौथाई वसूल करून परतायची. हे वसाहतवाले कुटुंबकबिल्यासह ठाण मांडायला आले.

रेघोट्या: सगळे नव्हेत. मार्च १८५५ च्या कान्सासच्या निवडणुकीत मिसुरीचे लोक सीमा ओलांडून आले, मतं टाकली आणि परतले. नोंदलेले मतदार २९०५, मतं सहा हजारांवर. मुलूखगिरी अगदीच गैरलागू नाही.

शुद्धमती: मुलूखच कशाला, 'गुलामगिरी'सुद्धा परका शब्द. गुलाम अरबी, गिरी फारसी. 'दास्य' लिहा.

मोडीवाला: जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' नाव दिलं आणि अमेरिकेतल्या लोकांना पुस्तक अर्पण करताना 'दास्यत्व' वापरलं. त्यांना दोन्ही चालले, तुम्हाला एक का चालू नये? शिवाय दास्यभक्ती ऐकलेल्या कानाला 'दास्य' सौम्य लागतं. बाजारात माणूस विकण्याला ते पुरत नाही.

शुद्धमती: कीर्तनाचा दोष शब्दाला कशाला? दास विकले जात हे आपल्या जुन्या ग्रंथांतही आहे.

पानखूण: टेरिटरी राहिलीच. बरं, १८४५ मध्ये टेक्सास 'खालसा केलं' चालेल?

मोडीवाला: चालेल. तीन वर्षांनी इथे सातारा खालसा झालं.

रेघोट्या: अजिबात नाही. साताऱ्याला कोणी विचारलं नव्हतं. टेक्सासने स्वतः होकार दिला होता, आणि टेरिटरी न होता ते थेट राज्य झालं. 'सामील करून घेतलं' लिहा.

मोडीवाला: मेक्सिकोला विचारा, टेक्सास आधी त्यांचं होतं. त्यांच्या लेखी ते खालसाच.