मुलं आणि पाणी : तुमचे अनुभव लिहा

मे महिन्यात पोहण्याच्या तलावांवरच्या बॅचेस भरून जातात, पाऊस आला की चौपाट्यांवर गर्दी. मुलांना पाण्यात सोडताना काय पाहिलंत, काय पाळता? उपदेश नको, घडलेलं लिहा.

मुलुंड, दोन मुलींची आई :
सोसायटीच्या तलावात शेजारचं पोरगं बुडू लागलं तेव्हा ते ओरडलं नाही, हातही हलवले नाहीत. मान मागे, तोंड जेमतेम पाण्यावर, दोन्ही हातांनी पाणी खाली दाबत होतं. श्वासच पुरत नाही तर हाक कुठून मारणार? आम्ही मोठी माणसं काठावरच होतो. त्याची बडबड एकदम थांबली म्हणून आजोबांना शंका आली आणि त्यांनी उडी घेतली. तेव्हापासून आमच्यात लक्ष ठेवायची पाळी ठरते. ज्याची पाळी, त्याने फोन दुसऱ्याकडे द्यायचा, गप्पा मारायच्या नाहीत आणि लहानग्यांच्या हाताच्या अंतरावर पाण्यातच उभं राहायचं.

दादर :
आमचे सर दंडाला हवेचे फुगे बांधू देत नाहीत. फुग्यांमुळे मूल पाण्यात उभंच राहतं, आडवं तरंगायला शिकत नाही. शिवाय ते निसटतात. निळा पोहण्याचा पोशाखही नको, तळाच्या फरशीत मिसळून जातो. आम्ही भडक नारिंगी घेतला.

वर्सोवा कोळीवाडा :
१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, आमच्या होड्या काठावर. जन्म पाण्यात गेलेली माणसं थांबतात आणि त्याच दिवसांत लोक लेकरं घेऊन आक्सा चौपाटीला उतरतात, याचा जीवाला फार त्रास होतो. दोन्हीकडे लाटा फुटतात आणि मधला पट्टा शांत दिसतो, तिथेच आत समुद्राकडे नेणारी ओढ असू शकते. नातवंडांना शिकवलंय : ओढलं गेलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, तरंगा, हात वर करा. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर जा.

परळ, परिचारिका :
बाहेर काढलेल्या मुलाला उलटं धरून पोट दाबताना मी पाहिलंय. कृपा करून असं करू नका. त्यात वेळ जातो आणि उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. श्वास चालत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छाती दाबा, पुन्हा श्वास. दुसऱ्याने लगेच १०८ लावायचा. यावर हात प्रशिक्षणातच बसतो, ते घ्याच. मूल शुद्धीवर आलं तरी खोकत असेल, धाप लागत असेल तर घरी नाही, थेट इस्पितळात न्या.