मदत हवी आहे : रिकाम्या डब्यापुढेही कुत्रा बसून खूण करतो

माझ्या लॅब्राडॉरला लवंगेचा वास शोधून त्या डब्यापुढे बसण्याची खूण मी गेले ४ महिने शिकवत आहे. ओळीतल्या ६ डब्यांपैकी लवंगेचा डबा तो अचूक ओळखतो. मात्र एकाही डब्यात लवंग नसली, तर दोन फेऱ्यांनंतर माझ्या तोंडाकडे पाहत कुठेतरी बसतोच. माझ्या थबकण्यातून त्याला सुगावा लागत असावा, म्हणून हल्ली डबे मुलगी मांडते, तेही हातमोजे घालून, आणि लवंग कुठे आहे हे मला सांगत नाही. तरीही फरक पडलेला नाही. (खाऊ वासाचा नसून बसण्याचा, असा त्याचा समज झाला असावा.) रिकामी ओळ न बसता पार केल्याबद्दल खाऊ द्यावा, की लगेच लवंगेची ओळ मांडून तिथेच द्यावा, याबाबत अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.