मदत हवी आहे: जीपीओ ३३२ फोनचा डायल लागत नाही, शिवाय सोबतचा ईअरपीस कशाचा?

मंडळी, नमस्कार.

मी इंग्लंडात रेडिंगला राहतो. इथल्या कार-बूट सेलमध्ये, म्हणजे लोक गाडीच्या डिकीत घरची अडगळ विकायला आणतात तिथे, एक काळा बेकलाइटचा फोन मिळाला. भलताच जड आहे. तळाशी नंबरांच्या कार्डाचा खण आहे आणि तो अजून सुरळीत सरकतो. रिसीव्हरच्या दांड्याला आतून १६४ आणि ५६ असे उठावाचे आकडे आहेत. डायलवर आकड्यांसोबत अक्षरं आहेत: २ ला एबीसी, ६ ला नुसतंच एमएन आणि ० ला ओ-क्यू. एकूण बघता जीपीओ ३३२, म्हणजे इथल्या टपाल खात्याचा जुना फोन, वाटतो.

सोबत एक बिस्किटांचा डबा मिळाला. त्यात डायलच्या भोकात बसणारं पितळी कुलूप (किल्ली गायब) आणि एक सुटा गोल ईअरपीस. काळाच, मागे टांगायची कडी, दोन तारांची कापडी दोरी.

आमच्याकडे आता फायबर आहे, फोन राउटरच्या मागे लागतो. अडचण अशी:

१. डायल टोन येतो, पण नंबर फिरवला तरी टोन तसाच चालू राहतो.
२. कॉल घेता येतो, पण घंटी वाजत नाही. समोरचा सांगतो तुझा आवाज विहिरीतून येतोय.
३. तो ईअरपीस याच फोनचा का? असल्यास कुठे जोडायचा?

फोन कापाकापी न करता चालवायचा आहे. बायकोने दिवाणखान्यात जागा दिली आहे, पण "वाजला तरच" या अटीवर. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद: तारयंत्र

अभिनंदन, ३३२च आहे. १६४ हा रिसीव्हरचा नमुना क्रमांक आणि ५६ म्हणजे १९५६ साल. मात्र रिसीव्हर अदलाबदल झालेले पुष्कळ असतात, तेव्हा तळाचा शिक्काही बघा. अक्षरांचा डायल लंडनसारख्या मोठ्या शहरांसाठी असे. तिथे एक्स्चेंजच्या नावाची पहिली तीन अक्षरं फिरवायची. स्कॉटलंड यार्डचा नंबर व्हाइटहॉल १२१२, म्हणजे डब्ल्यू-एच-आय फिरवून ९४४ १२१२.

डायलमध्ये बिघाड नसावा. हा डायल लाइन तोडून-जोडून सेकंदाला सुमारे दहा ठोके देतो, ० ला दहा ठोके. बरेच राउटर हे ठोके ओळखतच नाहीत, त्यांना बटणांचे सूर लागतात. ठोक्यांचं सुरांत रूपांतर करणारा छोटा डबा मिळतो, तो फोन आणि राउटर यांच्यामध्ये बसतो. फोन उघडावाही लागत नाही.

घंटीचं बहुधा असं आहे: आधीच्या मालकाने नवीन प्लग लावताना घंटी तिसऱ्या तारेवर घेतलेली असणार. इथल्या भिंतीवरच्या मुख्य सॉकेटमध्ये १.८ मायक्रोफॅराडचा कपॅसिटर असतो, तो त्या तारेवर घंटीचा प्रवाह देतो. राउटरच्या पोर्टात ती तार अनेकदा नसते. कपॅसिटरवाला रिंग अडॅप्टर घ्या, स्वस्त असतो. तरीही नाही वाजली तर राउटरचा जोर कमी पडतोय, या जुन्या घंटीला ताकद लागते.

प्रतिसाद: भोंगा_वाजला

विहिरीतल्या आवाजाचं कारण कार्बन. तोंडाजवळच्या कॅप्सूलमध्ये कार्बनचे दाणे असतात, वर्षानुवर्षं पडून राहिले की ते एकमेकांना चिकटून बसतात. रिसीव्हर आडवा धरून तळहातावर हलकेच आपटा. हलकेच! बेकलाइट ठिसूळ असतं. फरक नाही पडला तर कॅप्सूल बदला.

कुलपावरून आठवलं, आमच्याकडे बाबांनी असंच कुलूप घातलं होतं. आम्ही क्रेडलची, म्हणजे रिसीव्हर ठेवतात त्या जागेची, बटणं टकटक दाबून नंबर लावायचो, ४ ला चार टकटकी. बाबांना बिलावरून कळायचं. तुमच्या राउटरवर तेही चालणार नाही, हे आलंच.

प्रतिसाद: तारयंत्र

ईअरपीसबद्दल राहिलंच. जादा ईअरपीस ब्रिटिश फोनलाही असत, पण पाठीवर लटकवायला दुसरा ईअरपीस ही फ्रेंच फोनची नेहमीची सोय. तिथल्या यू ४३ नावाच्या फोनला तो मागे टांगलेला असतो. गोंगाट असला की दुसरा कानही कामाला लावायचा, किंवा घरातल्या दुसऱ्याला ऐकू द्यायचं. तुमच्या तुकड्यावर झाकण फिरवून आत काही अक्षरं दिसतात का बघा आणि फोटो टाका. फ्रेंच निघाला तर ३३२ ला जोडू नका. दोन देशांचे तुकडे एकत्र केलेला फोन संग्राहक कमी भावात मागतात, आणि त्यात त्यांचं चूक नाही. तोवर डब्यातच राहू द्या.

धागाकर्ता

दोघांचे आभार. दांडा आपटला, आवाज सुधारला. ईअरपीसच्या झाकणाआत "पॅरिस" आहे, म्हणजे तो ३३२ चा नाही. रिंग अडॅप्टर मागवलाय. आता यू ४३ साधारण केवढ्याला मिळतो हे कुणी सांगेल का? बायकोला अजून विचारलेलं नाही.